शंखातल्या खेकड्याचे दहा पाय, आणि त्यातला एक गळून पडला तर

सकाळी काचेच्या टाकीतल्या वाळूवर एक सुटा पाय पडलेला दिसला की घरात दोनच तर्क होतात. दुसऱ्या खेकड्याने तो तोडला असेल, नाहीतर खेकडा मरायला टेकला असेल. बऱ्याचदा यातलं काहीच झालेलं नसतं. पाय खेकड्यानेच टाकलेला असतो आणि तो परत येणारही असतो. मात्र कधी येणार, किती मोठा येणार आणि तोवर काय करायचं, हे समजण्याआधी तो पाय कोणत्या कामाचा होता ते पाहावं लागतं.

हर्मिट क्रॅबला मराठीत संन्यासी खेकडा असंही म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने फक्त त्याचं शंखात बसणं पाहिलं असावं, कारण घरासाठी इतक्या मारामाऱ्या करणारा प्राणी किनाऱ्यावर दुसरा सापडणं कठीण. इथे मुख्यतः जमिनीवर राहणाऱ्या हर्मिट क्रॅबबद्दल, म्हणजे सेनोबिटा वंशाबद्दल लिहिलं आहे. अमेरिकेतल्या किनारी गावांच्या दुकानांत मिळणारा, जांभळ्या डेंग्याचा 'पर्पल पिंचर' हा याच वंशातला. तो मूळचा कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडचा. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही तो मुलांच्या हट्टापायी येतो. त्याचे भाऊबंद आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानच्या वाळूवर फिरतात. कोकणातल्या खडकांमधल्या डबक्यांत दिसतात ते क्लिबॅनेरियस आणि डायोजीनिस या समुद्री वंशांतले.

डेंगे: एक दार, एक चमचा

चिंबोरीच्या पुढच्या दोन जाड पायांना कुणी डेंगे म्हणतं, कुणी नांग्या. हर्मिट क्रॅबलाही ते असतात, पण सेनोबिटाचे डेंगे सारखे नसतात. डावा मोठा असतो, उजवा लहान. हे प्रत्येक वंशात वेगळं आहे. युरोपच्या समुद्रातल्या पॅग्युरसचा उजवा डेंगा मोठा, डायोजीनिसचा डावा, आणि क्लिबॅनेरियसचे दोन्ही जवळपास सारखे. किनाऱ्यावर खेकडा ओळखायचा असेल तर आधी डेंगे पाहावेत. शंखाच्या रंगावरून काहीच कळत नाही, कारण शंख त्याचा नसतोच.

मोठा डावा डेंगा म्हणजे दार. खेकडा आत सरकला की हा डेंगा, आणि त्याला चिकटून डाव्या बाजूचा एक चालायचा पाय, शंखाच्या तोंडावर बरोबर बसतात. शत्रू बाहेर राहतो आणि आतली ओलही आत राहते. जमिनीवरच्या खेकड्यासाठी ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी आहे. त्याला श्वासासाठी अजूनही कल्ले लागतात आणि कल्ले ओले नसतील तर हवा असूनही तो गुदमरतो. म्हणून तो शंखात थोडं पाणी साठवून हिंडतो. दार नीट बसलं नाही तर हे पाणी लवकर सुकतं.

चढताना धरायला, दुसऱ्याला ढकलायला, कठीण फळ फोडायलाही हाच डेंगा. सेनोबिटा रुगोसस या जातीच्या डाव्या डेंग्यावर वरच्या बाजूला तिरक्या कडांची एक रांग असते. तिच्यावर पाय घासून तो आवाज काढतो, असं मानतात.

उजवा लहान डेंगा म्हणजे हात. अन्नाचा तुकडा तोडायचा, तोंडापर्यंत न्यायचा, पाणी उचलून तोंडाशी थेंबथेंब सोडायचं, ही सगळी कामं तो करतो. डेंग्याला दोन बोटं असतात. एक स्थिर, दुसरं हलणारं. बोट मिटणारा स्नायू मोठा आणि उघडणारा लहान, त्यामुळे चावा जबर असतो आणि उघडायची ताकद कमी. याच घराण्यातला, पण मोठेपणी शंख सोडून देणारा नारळखेकडा या बाबतीत टोकाचा आहे. २०१६ साली जपानी संशोधकांनी ओकिनावात २९ नारळखेकड्यांचा चावा मोजला. सर्वांत जास्त भरला १,७६५ न्यूटन, म्हणजे सुमारे १८० किलो वजनाचा दाब. आपल्याकडे हा खेकडा अंदमान-निकोबारच्या काही बेटांवर आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

पर्पल पिंचरने तळहाताची कातडी धरली तर ओढाओढ करू नका. हात तसाच कोमट पाण्यात धरा, बहुतेक वेळा तो सोडतो. हिसका दिला तर डेंगा तुमच्या हाताला लटकत राहील आणि खेकडा खाली पडेल.

दिसणारे चार आणि लपलेले चार

डेंग्यांच्या मागच्या दोन जोड्या चालायच्या. डेंगे धरून बाहेर दिसतात ते एवढेच सहा पाय, म्हणून पुष्कळांना वाटतं खेकड्याचे चार पाय आधीच तुटले आहेत. ते तुटलेले नसतात, शंखात असतात. चौथ्या जोडीच्या टोकाशी कानशीसारखा खरखरीत पट्टा असतो. तो शंखाच्या भिंतीला टेकवून खेकडा स्वतःला आत रोखून धरतो. पाचवी जोडी सर्वांत बारीक, टोकाला इवलासा चिमटा. ही घरातली मोलकरीण म्हणायला हरकत नाही. कल्ल्यांच्या पोकळीत शिरून ती घाण काढते, विष्ठा बाहेर टाकते, पोटावरची कातडी साफ ठेवते.

अगदी मागे शेपटीशी दोन आकड्यांसारखे अवयव असतात, त्यातला डावा मोठा. शंखाच्या मधल्या पिळाच्या दांड्याला तो आवळून बसतो. हे सगळं मिळून पकड इतकी घट्ट होते, की बाहेरून ओढल्यास खेकडा सोडण्याऐवजी मधोमध फाटतो. शंख बदलायला 'मदत' म्हणून त्याला कधीही ओढू नये. तो आपणहून बाहेर आलेला असेल आणि परत जात नसेल, तर शंख क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओला करून खेकड्यासह अंधाऱ्या, दमट डब्यात ठेवावा.

डेंग्यांची ताकद खरी कळते ती शंखासाठीच्या भांडणात. पॅग्युरसमध्ये हल्ला करणारा समोरच्याचा शंख पायांनी धरतो आणि आपला शंख त्यावर ठोकत राहतो. थोडं थांबतो, पुन्हा ठोकतो. आतला डेंगा दाराशी लावून टिकून राहायचा प्रयत्न करतो. ठोके जोरात आणि थोडक्या विश्रांतीने येत राहिले तर आतला हार मानून पकड सोडतो. मग हल्ला करणारा त्याला ओढून बाहेर काढतो आणि रिकाम्या शंखाच्या तोंडात डेंगे घालून माप घेतो. टाकीत हाताला लागणारे काही पाय अशा भांडणात गेलेले असतात.

पाय तुटतो कुठे

खुब्यापासून मोजलं तर खेकड्याच्या पायाला सात खंड असतात. बुडाशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाच्या जोडावर एक ठरलेली रेघ असते. पाय कुठेही चिरडला, अडकला किंवा शत्रूच्या तोंडात सापडला, की एक खास स्नायू आवळतो आणि पाय बरोबर त्या रेघेवर सुटतो. जखम टोकाला असली तरी सुटतो तो बुडाशीच. कारण त्या रेघेवर आतून एक पडदा तयार असतो. पाय गेला की पडद्यातलं छिद्र लगेच बंद होतं आणि रक्त जवळजवळ जात नाही. मधल्या खंडावर तुटलेल्या पायातून मात्र ते पाझरत राहतं. खेकड्याचं रक्त लाल नसतं. त्यात लोखंडाच्या जागी तांबं असतं, त्यामुळे ते पाण्यासारखं, फार तर निळसर दिसतं. वाळूवरचा असा ओला डाग सहज नजरेतून सुटतो.

म्हणून पहिली तपासणी तुटलेल्या जागेची. बुडाशी गुळगुळीत, सपाट तुटला असेल तर पाय त्याने टाकला आहे. चार-सहा दिवसांत तिथे काळसर खपली दिसेल. मधेच वेडावाकडा तुटला असेल तर तो बाहेरच्या जोराने मोडला आहे. बरेचदा उरलेलं खुंट खेकडा एक-दोन दिवसांत स्वतःच बुडाशी टाकतो. ते पाहून घाबरू नये, आणि उरलेला भाग आपण ओढून काढायला जाऊ नये.

एक पाय गेला तर भांडण किंवा अपघात. तीन-चार पाय एकामागून एक गेले, तेही नवा खेकडा घरी आणल्यापासून महिन्याभरात, तर कारण बहुधा हवेत किंवा पाण्यात असतं. प्रवासात आणि दुकानात सुकलेले कल्ले, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, थंडी, किंवा तांबं असलेलं खाद्य. तांबं हे त्याच्या रक्तात असलं तरी बाहेरून जास्तीचं आलं की विषच. माशांच्या काही औषधांत कॉपर सल्फेट असतं, खाद्याच्या डब्यावरही कधी लिहिलेलं असतं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा इथे महाग पडतो. सगळे पाय टाकून अंगाचा गोळा झालेला खेकडा क्वचितच वाचतो.

नवा पाय कातीतूनच येतो

माणसाची जखम दिवसागणिक भरते, खेकड्याचं तसं नाही. बाहेरचं कवच वाढत नाही, त्यामुळे त्यातून नवा पाय हळूहळू लांब होत येऊ शकत नाही. तो आत तयार होतो आणि कात टाकायच्या वेळीच उलगडतो.

खपलीखाली पेशींचा एक कोंब धरतो. पुढे तिथे पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला, जेलीसारखा बारीक पाय दिसू लागतो. पाळणारे त्याला 'जेल लिंब' म्हणतात. सुरुवातीला तो थेंबाएवढा राहतो, आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. कात जवळ आली की एकदम वाढतो, घडी घातलेले खंड आत दिसू लागतात, रंग भरतो. जेल लिंब फुगलेला दिसला तर खेकडा लवकरच वाळूत जाणार हे जवळपास नक्की.

पहिल्या कातीत आलेला पाय किंवा डेंगा आधीच्यापेक्षा लहान असतो, रंगाने फिका. जुन्या मापाला यायला साधारण दोन-तीन काती लागतात. लहान खेकडा वर्षातून अनेकदा कात टाकतो, मोठा दीड-एक वर्षाने एकदा. म्हणजे लिंबाच्या फळाएवढ्या खेकड्याचा मोठा डेंगा पूर्ववत व्हायला काही वर्षं जातात. तोवर दार अर्धवट राहतं, म्हणून अशा खेकड्याला तोंड थोडं अरुंद असलेले शंख जवळ ठेवावेत आणि दमटपणा कधीच कमी होऊ देऊ नये.

कात कधी यायची हे संप्रेरकं ठरवतात. डोळ्यांच्या देठातल्या ग्रंथी 'थांब' म्हणत असतात. तो आवर सैल झाला की दुसऱ्या ग्रंथींतून कात आणणारं संप्रेरक सुटतं. जमिनीवरच्या गेकार्सिनस खेकड्यांवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं, की बरेच पाय एकदम गेले तर कात ठरल्यापेक्षा लवकर येते. एखादा पाय गेला तर असं होत नाही. पण लवकरची कात ही भरल्या पोटाची नसते. शरीरात साठा कमी, बनवायचे अवयव जास्त.

त्याच खेकड्यांत आणखी एक गोष्ट सापडली आहे. मोठा डेंगा जुन्या कवचातून बाहेर काढायचा तर त्यातलं मांस मनगटाच्या अरुंद सांध्यातून ओढावं लागतं. ते जाणार कसं? कातीच्या आधी डेंग्यातला स्नायू बराचसा झिजतो, बारीक होतो, आणि नंतर पुन्हा भरतो. नुकती कात टाकलेली चिंबोरी रश्श्यात पोकळ आणि पाणचट का लागते, याचं उत्तरही याच्या आसपासच आहे. कवच मोठं झालेलं असतं आणि आतली जागा अजून पाण्याने भरलेली असते.

अगदी टोकाचं नख तेवढं तुटलं असेल आणि बुडाशी पाय टाकला नसेल, तर तेवढा भागही पुढच्या कातीत दुरुस्त होतो. मिशाही परत येतात. डोळ्याचं मात्र विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुर्ट हेर्ब्स्ट यांनी कवचधारी प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा देठासकट डोळा काढल्यावर काहींना त्या जागी मिशीसारखा अवयव आला.

लपलेले पाय आणि एक जुना वाद

हर्मिट क्रॅबच्या या मागच्या पायांनी जीवशास्त्रातला एक मोठा वाद सोडवायला मदत केली आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांचं म्हणणं असं, की जो अवयव वारंवार तुटतो त्यालाच परत उगवायची शक्ती निसर्गनिवडीने मिळते. ऐकायला अगदी पटणारं. थॉमस हंट मॉर्गन यांनी त्यावर हर्मिट क्रॅब निवडला, कारण एकाच प्राण्यात दोन्ही प्रकारचे पाय आहेत. पुढचे उघड्यावर, धोक्यात. मागचे आयुष्यभर शंखाच्या आत. वाइसमान बरोबर असतील तर मागचे पाय उगवायला नकोत. मॉर्गननी ते कापून पाहिले आणि ते उगवले. निसर्गात जवळपास कधीच न तुटणारे अवयवही. १८९८ साली त्यांनी हे छापलं. मॉर्गन म्हणजे पुढे फळमाशीच्या गुणसूत्रांवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळालेले तेच.

पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की शंख बदलताना आतले बारीक पाय अपुरे दिसले तरी आशा सोडायचं कारण नाही.

पाय गेल्यावर काय करायचं

पहिल्या दिवशी खेकड्याला इतरांपासून वेगळं करा, पण वेगळ्या टाकीत नको. त्याच टाकीत, भरपूर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा उलटा वाळूत खोचून त्याची खोली करा, म्हणजे ऊब आणि दमटपणा तोच राहतो. आत पाण्याच्या दोन वाट्या, अन्न, थोडं ओलं शेवाळ, एक रिकामा शंख. प्रकाश कमी. जखमेला काहीही लावू नका. हळद नाही, मलम नाही. त्याचा पडदा आपल्या औषधापेक्षा चांगलं काम करतो.

दुसऱ्या दिवसापासून टाकी तपासा. तापमान २४ ते २८ अंश, दमटपणा ७५ ते ८५ टक्के. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र, नसेल तर अंदाज चालणार नाही, तो घ्यावाच लागतो. हीटर काचेच्या बाजूला बाहेरून, वाळूच्या वर येईल असा लावा. तळाखाली लावला तर पुरलेला खेकडा भाजतो.

पाणी दोन प्रकारचं हवं: गोडं आणि खारं. खाऱ्या पाण्यासाठी एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं हे खरं, पण अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते असं उडत नाही. तिथे क्लोरीन-क्लोरामाइन दोन्ही काढणारं द्रावण वापरावं लागतं. भांडं खेकडा बुडेल एवढं खोल, आणि चढून बाहेर यायला आत दगड.

आता वाळू, कारण नवा पाय तिच्यात येणार. पाच भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग कोकोपीट, खत न मिसळलेलं. खोली किमान १५ सेंटीमीटर, आणि सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. यातलं जे जास्त ते. ओल किती? मुठीत वळल्यावर लाडू झाला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. लाडू फुटला तर बिळाचं छत कोसळेल, पाणी गळलं तर तळाशी ते साचून कुजेल. कात टाकताना मेलेले खेकडे पुष्कळदा या दोन चुकांमुळे गेलेले असतात. तिसरी चूक उथळ वाळूची. तिच्यात खेकडा वरच कात टाकतो आणि मऊ असताना इतर खेकडे त्याला खातात.

अन्नात चुना आणि प्रथिनं वाढवा. समुद्रफेसाचा तुकडा, उकडून कुटलेली अंड्याची टरफलं, बिनमिठाचा सुका जवळा. हे सगळं आपल्या बाजारात मिळतं आणि महागड्या डबाबंद खाद्यापेक्षा बरं असतं. फक्त जवळा घेताना तो खारवलेला नाही याची खात्री करा.

डोळे धुरकट, डेंग्यांचा रंग राखी, पाण्याच्या भांड्यात जास्त वेळ, सारखं उकरणं, ही कातीची लक्षणं. एके दिवशी तो वाळूत नाहीसा होईल. लहान असेल तर तीन-चार आठवडे, मोठा असेल तर दोन महिने किंवा त्याहून बरेच जास्त. या काळात उकरायचं नाही. जिवंत आहे का बघू म्हणून उकरणाऱ्यांनीही पुष्कळ खेकडे मारले आहेत. बिळातली ओल आणि हवा एकदा बिघडली की मऊ कवच आकार धरत नाही. मेलेल्या खेकड्याचा वास माशाच्या कुजण्यासारखा असतो, तो वाळूतूनही येतो. तो येत नसेल तर थांबायचं.

वर वाळूवर पोकळ खेकडा पडलेला दिसला, पाय-डेंगे सगळं जागच्या जागी, पण वजन नाही, तर ती कात आहे. ती फेकू नका. त्यातला चुना त्याला परत हवा असतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत तो ती थोडी थोडी खातो. वर आलेल्या खेकड्याचा नवा डेंगा पाहायचा मोह होतो, पण त्याला तेव्हाही आठवडाभर हात लावू नये. काचेतूनच पाहा: रंग फिका, टोकं धारदार, शेजारच्या जुन्या पायाहून आखूड. शंखाच्या तोंडाशी तो डेंगा टेकवून पाहत असेल, तर नव्या मापाचं दार बसतंय का हे तो तपासतो आहे. त्याच रात्री त्याच्याजवळ दोन-तीन निरनिराळ्या तोंडांचे रिकामे शंख ठेवा.